क्लच प्लेट घरी बदलावी का?

चढावर अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, फेऱ्यांचा काटा वर सरकतो, पण गाडी काही वेग घेत नाही. मेकॅनिक सांगतो, 'क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.' खर्चात मजुरीचा वाटा मोठा असतो. त्यामुळे हाताला अवजारांची सवय असलेल्या माणसाच्या मनात हमखास येतं, की आपणच का करू नये?

उत्तर शोधण्याआधी क्लच काय करतो ते पाहू. तो इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे पोहोचवतो आणि पेडल दाबलं की तोडतो. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचं जड चाक, त्यासमोर प्रेशर प्लेट आणि दोघांच्या चिमटीत घर्षणाचं अस्तर लावलेली क्लच प्लेट. लहान गाडीत प्रेशर प्लेटची स्प्रिंग साधारण 4,000 न्यूटन, म्हणजे सुमारे 400 किलो वजनाइतक्या जोराने ही चिमटी आवळते. अस्तराचा घर्षणांक 0.3 आणि सरासरी त्रिज्या 9 सेंटिमीटर धरली, तर दोन्ही बाजू मिळून क्लच 216 न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) पेलू शकतो. इंजिनाचा पीळ त्याच्या निम्मा असला, तर भरपूर राखीव ताकद उरते. आता याच अस्तरावर तेल झिरपलं आणि घर्षणांक 0.1 वर आला, असं समजा. क्षमता 72 वर कोसळते आणि क्लच घसरायला लागतो. अशा वेळी इंजिनाचं मागचं ऑइल सील न बदलता नुसती नवी प्लेट टाकली, तर तीही थोड्याच दिवसांत तशीच घसरेल.

उष्णतेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. इंजिनाच्या फेऱ्या स्थिर ठेवून सपाट रस्त्यावर गाडी हलवली, तर गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. हजार किलोची गाडी ताशी 18 किलोमीटरवर आणताना ती सुमारे 12,500 ज्यूल होते. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी रोखून धरली, तर गाडी जागची हलत नाही आणि क्लचमध्ये शिरणारी सगळी ऊर्जा तिथेच तापत राहते. करपल्यासारखा वास येतो तो यामुळे.

खोलण्याआधी खात्री मात्र करायलाच हवी. गिअर टाकताना खरखर होत असेल तर क्लच नीट सुटत नाहीये, आणि त्याचं कारण केबलचं अॅडजस्टमेंट किंवा हायड्रॉलिक लाइनमध्ये शिरलेली हवा एवढंच असू शकतं. ते काम गिअरबॉक्सला हात न लावता होतं. पेडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणाऱ्या बेअरिंगवर, आणि दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगवर. हा दुसरा आवाज नव्या प्लेटने जाणार नाही.

माझ्या मते खरा प्रश्न वजनाचा आहे. क्लच स्वतः सहा-आठ बोल्टांनी बसवलेला असतो, पण त्याच्या वाटेत 35 ते 50 किलोचा, कधी त्याहून जड गिअरबॉक्स उभा असतो. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत तर ड्राइव्ह शाफ्ट काढावे लागतात आणि इंजिनाला वरून आधार द्यावा लागतो. हायड्रॉलिक जॅकवर गाडीचं वजन एका सीलमागे कोंडलेल्या तेलावर तोललेलं असतं; सील फाटलं की गाडी खाली. म्हणून पक्की सपाट जमीन, चांगले स्टँड, गिअरबॉक्स पेलणारा वेगळा जॅक, टॉर्क रेंच आणि सोबत एक माणूस, यातली एकही गोष्ट कमी असेल तर मी हे काम घरी करू नका असंच म्हणेन. आतली धूळ फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडवू नका. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. फ्लायव्हील दुहेरी वस्तुमानाचं (स्प्रिंगांनी जोडलेल्या दोन भागांचं) असेल तर त्याची ढिलाई मोजावी लागते आणि कंपनीने दिलेली मर्यादा माहीत असावी लागते. ते हौशी माणसाच्या आवाक्याबाहेर जाऊ शकतं.

एवढं सगळं जमत असेल तर जरूर करा. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला, कारण पुन्हा गिअरबॉक्स उतरवणं कोणालाच नको असतं. प्रेशर प्लेटचे बोल्ट आडव्या समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळा आणि प्लेट अलाइनमेंट टूलने मध्यावर धरा. गिअरबॉक्स परत चढवताना शेवटचा सेंटिमीटर अडला, तर बोल्ट आवळून तो ओढून घेण्याचा मोह होतो. तेवढं करू नका. अडण्याचं कारण बहुधा प्लेट मध्यावरून सरकणं किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचे दाते प्लेटशी न जुळणं हेच असतं, आणि गिअरबॉक्सचं वजन शाफ्टवर लोंबकळलं तर नवी प्लेट बसायच्या आधीच वाकते. खाली घ्या, प्लेट पुन्हा मध्यावर आणा, आणि परत चढवा.