पाद्री कूलर : सोरा, सुरई आणि पंधरा मिनिटे

‘अकबराकडे फ्रिज होता’ या थाटाचे दावे ऐकू येतात. फ्रिज नव्हता, सोरा होता. बंदुकीच्या दारूत पडतो तोच. रसायनशास्त्रात पोटॅशियम नायट्रेट.

नोव्हेंबर 1579 मध्ये गोव्याहून निघालेले अक्वाविवा, मॉन्सेरात आणि त्यांचे सोबती जेझुइट (एका कॅथलिक ख्रिस्ती संघाचे) पाद्री 1580 च्या सुरुवातीला फतेहपूर सीक्रीला पोचले, तेव्हा दरबारचे पाणी सोऱ्यावर गार होई. 1595 मध्ये याच संघाचा जेरोम झेवियर लाहोरच्या दरबारात गेला तोवर चित्र पालटले होते. अकबराच्या कारभाराची नोंद असलेली ‘आइने-अकबरी’ सांगते की 1586 मध्ये दरबार पंजाबात हलल्यापासून डोंगरातले बर्फ वापरात आले. तेव्हा पाद्र्यांच्या त्या पहिल्या मिशनच्या आठवणीत टेबलावर ठेवायचा गमतीचा कूलर करायचाच, तर तो सोऱ्याचा करावा. बर्फात बाटली खुपसणे कोणालाही जमते.

‘आइने-अकबरी’ लिहिणाऱ्या अबुल फजलने प्रमाण देऊन ठेवले आहे: धातूच्या बंद सुरईत 1 शेर पाणी, बाहेरच्या भांड्यात 5 शेर पाणी आणि अडीच शेर सोरा, त्यात सुरई पाव तास फिरवायची. आपल्यासाठी हिशेब सोपा होतो: 200 मिलि सरबत, 1 लिटर पाणी, 500 ग्रॅम सोरा.

आता यातली खरी गंमत. सोऱ्याच्या खड्यात पोटॅशियम आणि नायट्रेट हे विरुद्ध विद्युतभाराचे कण, म्हणजे आयन, एकमेकांना धरून बसलेले असतात. त्यांची पकड सोडवायला ऊर्जा लागते. सुटलेल्या आयनांभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात, तेव्हा काही ऊर्जा परत मिळते, पण पुरती नाही. तूट भरून निघते ती पाण्याच्या स्वतःच्या उष्णतेतून. तोट्याचा हा व्यवहार तरी होतो का? कारण बांधलेले आयन मोकळे सुटले की त्यांना मांडणीचे कितीतरी जास्त पर्याय मिळतात, म्हणजे एन्ट्रॉपी वाढते. 1 ग्रॅम सोरा विरघळताना सुमारे 345 ज्यूल शोषले जातात. तेवढ्यात 80 ग्रॅम पाणी 1 अंशाने उतरते. जेवणातल्या मिठाला हे जमत नाही, त्याचा आकडा जेमतेम 67.

पण सोरा स्वतःच ब्रेक लावतो. 100 ग्रॅम पाण्यात तो 30 अंशांना 46 ग्रॅम विरघळतो, 20 अंशांना 32, 10 अंशांना फक्त 21. पाणी गार होत जाते तशी त्याची विरघळायची ताकद आटते. 30 अंशांपासून सुरुवात केली, तर वरच्या प्रमाणात साधारण 250 ग्रॅम विरघळून गाडी 14 अंशांजवळ थांबते. उरलेला निम्मा सोरा तळाशी बसून राहतो. आणखी मूठभर टाकून उपयोग नाही. हा कागदावरचा आकडा. दाट द्रावणात दर ग्रॅममागे उष्णता जरा कमी शोषली जाते आणि बाहेरची ऊब झिरपते, म्हणून प्रत्यक्षात 16-17 धरा. बर्फ होणार नाही, कोणी कितीही सांगो.

माठाशी तुलना केली तर बाष्पीभवन दर ग्रॅमला सातपट उष्णता नेते, पण गोव्यातल्या दमट मे महिन्यात पाणी फारसे उडत नाही. सोऱ्याला हवेतल्या ओलाव्याचे सोयरसुतक नाही.

बांधणी सोपी. बाहेर थर्माकोलचा डबा आणि त्यात प्लास्टिकची बरणी. आत घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा उंच, सडपातळ पेला. काच नको, उष्णता सावकाश जाते. सोरा बारीक कुटलेला असेल तर लवकर विरघळतो, पण कुटायचा तो स्वच्छ खलात, एकटाच. साखर, कोळसा, गंधक जवळपास नको. द्राक्षबागाईतदार ठिबकातून देतात ते 13:0:45 खत म्हणजे हाच सोरा. मात्र ते खाण्याजोगे नाही. झाकण गळके निघाले तर सरबत फेकून द्यायचे.

सगळ्यात जास्त फसतात ते ढवळण्यात. पेला नुसता उभा ठेवला, तर तळाशी गार, खारट थर साचतो आणि वरचे पाणी कोमटच राहते. पेला मनगटाने गोल फिरवत राहावा, तळचा सोराही उठला पाहिजे. दुसरी चूक म्हणजे सोरा आधीच भिजवून ठेवणे. पाहुणे येईपर्यंत गारवा खोलीने खाल्लेला असतो.

काम झाल्यावर पाणी ओतून देऊ नये. पसरट ट्रेमध्ये उन्हात ठेवावे, पाणी उडते आणि सुईसारखे लांबट खडे परत मिळतात. विस्तवावर कोरडे होईपर्यंत आटवायचे नाही. अगदीच टाकायचे झाले, तर भरपूर पाणी घालून झाडांना थोडे थोडे द्यावे, विहिरीच्या आसपास नाही. नायट्रेट झिरपून पिण्याच्या पाण्यात गेले, की तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद घटते.