एम८७चा झोत, संगणकाच्या जाळीत

१९१८ साली अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत हेबर कर्टिस यांना एम८७ या दीर्घिकेच्या मध्यातून निघालेली एक सरळ, बारीक रेघ दिसली. ती रेघ म्हणजे काही हजार प्रकाशवर्षे लांबीचा, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारा झोत आहे आणि त्याच्या मुळाशी सुमारे ६५० कोटी सूर्यांइतक्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे, हे कळायला कित्येक दशके लागली.

पण एवढी ऊर्जा येते कुठून? १९७७ मध्ये रॉजर ब्लँडफर्ड आणि रोमन झ्नाजेक यांनी एक विलक्षण कल्पना मांडली. स्वतःभोवती फिरणारे कृष्णविवर आसपासचे अवकाशच ओढून फिरवते. त्यात सापडलेल्या चुंबकीय बलरेषांना दोरखंडासारखा पीळ बसतो आणि त्या पिळातून कृष्णविवराच्या परिवलनाची ऊर्जा बाहेर पडते. मात्र कृष्णविवरात पडणारा प्रत्यक्षातला वायू खवळलेला असतो, कागदावरच्या समीकरणांना तो दाद देत नाही. म्हणून संगणकात अवकाशाची बारीक जाळी आखतात आणि तिच्या प्रत्येक घरात व्यापक सापेक्षता (आइनस्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत) व चुंबकित वायूचा प्रवाह यांची समीकरणे क्षणाक्षणाने सोडवतात.

२०११ मध्ये अलेक्झांडर चेखोव्स्कॉय, रमेश नारायण आणि जोनाथन मॅककिनी यांच्या अशाच सिम्युलेशनमध्ये चुंबकीय क्षेत्र इतके साचले, की ते आत पडणाऱ्या वायूलाच अडवू लागले. वेगाने फिरणाऱ्या कृष्णविवरातून बाहेर पडणारी ऊर्जा तर आत पडणाऱ्या वस्तुमानाच्या एकूण ऊर्जेच्या सुमारे १४० टक्के भरली! वरची भर कृष्णविवराच्या गिरकीतूनच येऊ शकते. ब्लँडफर्ड-झ्नाजेक कल्पनेला याहून ठसठशीत आधार मला तरी माहीत नाही.

२०१९ मध्ये एम८७च्या कृष्णविवराची प्रतिमा आली, तेव्हा ती ४३ सिम्युलेशनांतून काढलेल्या साठ हजारांहून अधिक चित्रांशी ताडून पाहिली गेली. प्रतिमेतल्या नुसत्या प्रकाशमान वलयावरून निवाडा होईना, कारण बरीच चित्रे जुळत होती. झोताची ताकद विचारात घेतल्यावर मात्र न फिरणाऱ्या कृष्णविवराची प्रारूपे बाद झाली. २०२१च्या ध्रुवीकरणाच्या, म्हणजे प्रकाशलहरी कोणत्या दिशेने कंप पावतात याच्या, नकाशाने प्रबळ चुंबकीय क्षेत्राच्या बाजूने कौल दिला.

तरी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. झोताच्या पोकळीत द्रव्य इतके विरळ होते, की गणितच कोलमडते. ते सावरण्यासाठी तिथे किमान घनता मुद्दाम भरली जाते. त्यामुळे झोतात इलेक्ट्रॉनांच्या जोडीला प्रोटॉन आहेत की पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनांचे धनभारित प्रतिकण), हे या सिम्युलेशनांना विचारून उपयोग नाही. त्यासाठी कणाकणाचा माग ठेवणारी वेगळी सिम्युलेशने लागतात आणि तीही आता कृष्णविवराच्या अगदी लगतच्या भागासाठी होऊ लागली आहेत.