१ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये दीड दोनदा वाजणार, शिफ्टची हजेरी कशी भरायची?

न्यूयॉर्कच्या वेळेवर शिफ्ट लावणाऱ्या आमच्या सगळ्या ग्राहकांसाठी. रविवार १ नोव्हेंबर २०२६ ला तिकडचं डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यापुरतं घड्याळ एक तास पुढे ठेवणं) संपतंय, म्हणजे रात्रीचे २ वाजले की घड्याळ परत १ वर जाणार आणि १ ते २ हा तास दोनदा येणार. मग हजेरीत कोणी नुसतं १:३० टाकलं तर कुठलं धरायचं? पहिलं असेल तर आपल्याकडे सकाळचे ११ झालेले असतात, दुसरं असेल तर दुपारचे १२.

काही सॉफ्टवेअर इथे न विचारता पहिलं धरून मोकळी होतात. आम्ही ते मुद्दाम टाळलंय, कारण हा पगाराचा प्रश्न आहे. रात्री १२ ते सकाळी ८ ची शिफ्ट घड्याळात ८ तासांची दिसते पण त्या रात्री माणूस ९ तास बसलेला असतो, आपल्या सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत, आणि तो एक तास कोणाचाही बुडता कामा नये. म्हणून हाताने वेळ टाकली की स्क्रीनवर ‘पहिला की दुसरा’ असं विचारलं जाईल, कर्मचाऱ्याला विचारूनच निवडा. मशीनवरचं पंचिंग यूटीसीमध्येच (जगभर एकच असलेली प्रमाणवेळ) सेव्ह होतं, तिथे काही करायला नको. एक्सेलमधून हजेरी चढवत असाल तर यूटीसीपासून उणे ४ तास (पहिला) की उणे ५ तास (दुसरा) हा कॉलम हवाच, नसेल तर त्या तासातल्या ओळी बाजूला काढून तुम्हाला दाखवल्या जातील.

१४ मार्च २०२७ ला उलटं होतं, २ ते ३ हा तासच नसतो, त्यामुळे २:३० टाकलंत तर एरर येईल, ती बरोबरच आहे.

टाइमझोन निवडताना ‘अमेरिका/न्यूयॉर्क’ घ्या, ‘ईएसटी’ नको, ती फक्त हिवाळ्यातली वेळ आहे, उन्हाळ्यात तासाचा फरक पडतो. पुढच्या शिफ्ट आम्ही तिथली वेळ आणि गावाचं नाव असंच ठेवतो, कारण सरकार नियम बदलू शकतं, अमेरिकेने २००७ पासून बदललेच होते.

भारतात घड्याळ हलत नाही, म्हणून २ नोव्हेंबरपासून तीच १२ ची शिफ्ट आपल्याकडे साडेनऊऐवजी साडेदहाला सुरू होईल, तेव्हा स्टाफला आणि गाडीवाल्यांना आधीच कळवून ठेवा. लंडनचंही काम असेल तर तिथलं घड्याळ आठवडाभर आधी, २५ ऑक्टोबरला मागे जातं, त्या आठवड्यात दोन्ही शहरांत ५ नाही, ४ च तासांचं अंतर असतं, हँडओव्हरच्या वेळा एकदा नीट बघून घ्या.