बास्केटबॉलची पेठ कुठली? भारतातल्या व्यावसायिक लीगची पार्श्वभूमी

पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची फुटबॉल मॅच असली की शाहू स्टेडियमकडच्या रस्त्याला गाडी घालू नये, हे कोल्हापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. कुठल्या संघामागं उभं राहायचं हे इथं माणूस ठरवत नाही, त्याची गल्ली, त्याची पेठ ठरवते. ज्या तालमींत वस्तादांनी कुस्ती घोटून घेतली त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ काढले. त्यामुळं केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, लीगला प्रेक्षक कुठून आणायचे, हा प्रश्न कधी पडलाच नाही.

बास्केटबॉलचं तसं नाही. आमच्या भागातल्या एका कॉलेजच्या कोर्टवर संध्याकाळी दहा-बारा पोरं असतात. एका रिंगला जाळी आहे, दुसरीला नुसते हुक. शिकवायला येणारे दादा राज्याकडून खेळलेले, एका सरकारी खात्यात खेळाडू कोट्यातून लागलेले. "एवढ्या लीग निघाल्या, तुम्ही का नाही खेळला?" असं एका पोरानं विचारलं, तर म्हणाले, "रजा कोण देणार रं?" भारतातल्या व्यावसायिक बास्केटबॉलची गोष्ट सांगायची तर या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागते.

खेळ मुळात व्यायामशाळेतला. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड इथं जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं हिवाळ्यात पोरांना गुंतवून ठेवायला पीच फळांच्या दोन टोपल्या कठड्याला ठोकल्या, तिथून तो सुरू झाला. ही व्यायामशाळा वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेची, आणि भारतात खेळ आला तोही वायएमसीएच्याच वाटेनं. १९२० मध्ये हॅरी बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाचं विद्यालय काढलं, तिथून शिकलेले शिक्षक देशभर गेले. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी त्याच दशकात नागपाडा नेबरहूड हाऊस उभं केलं आणि कामगार वस्तीतली पोरं चेंडू आपटायला लागली. भारताचे कर्णधार राहिलेले, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसिर याच नागपाड्याचे. महाराष्ट्रात बास्केटबॉलला खरीखुरी पेठ लाभली असेल तर ती ही एकच, असं माझं मत.

पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ साली दिल्लीत झाली, बास्केटबॉलचा राष्ट्रीय महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला. पण या सगळ्यात पोट भरायची सोय कुठं होती? ती केली खात्यांनी. सेनादल, रेल्वे, पुढं बँका आणि तेल कंपन्या. कोल्हापूरकराला ही व्यवस्था वेगळी समजावून सांगायला नको. शाहू महाराजांनी पैलवानांना खुराक दिला, तालमी दिल्या, खासबागेचं मैदान दिलं. राजे गेल्यावर तोच आश्रय खात्यांनी द्यायला घेतला. खेळाडूला पगार, बढती, निवृत्तीनंतर पेन्शन. घरच्यांच्या दृष्टीनं यापरतं दुसरं काय हवं! १९७५ च्या आशियाई स्पर्धेत भारत चौथा आला, १९८० ला मॉस्को ऑलिंपिकलाही गेला (बहिष्कारामुळं जागा रिकाम्या झाल्या होत्या, आणि बारा संघांत आपण बारावे आलो, हेही सांगायला हवं). ते सगळे याच नोकरदार व्यवस्थेतले खेळाडू.

खात्याचे, कंपनीचे संघ म्हणजे हौशी मागासलेपण आणि शहरांच्या नावाचे फ्रँचायझी संघ म्हणजे खरी व्यावसायिक लीग, असा आपल्याकडं एक समज आहे. एनबीए या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या लीगचा इतिहास बघितला तर तो समज टिकत नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत नॅशनल बास्केटबॉल लीग निघाली ती जनरल इलेक्ट्रिक, फायरस्टोन, गुडइयर अशा कंपन्यांच्या पुढाकारानं. आजच्या डेट्रॉईट पिस्टन्सच्या नावातला पिस्टन हा फोर्ट वेनमधल्या झोल्नर यांच्या कारखान्यातला खराखुरा पिस्टन आहे. दुसरी लीग ६ जून १९४६ ला न्यूयॉर्कमध्ये ठरली. ती काढणारे बहुतेक आइस हॉकीच्या स्टेडियमांचे मालक. हॉकी नसलेल्या रात्री खुर्च्या रिकाम्या राहायच्या, त्या भरायच्या होत्या, इतका साधा व्यवहार. अकरा संघ जमले. १ नोव्हेंबरला टोरोंटोत पहिला सामना झाला तेव्हा जाहिरात अशी होती की यजमान संघाच्या सर्वांत उंच खेळाडूपेक्षा, म्हणजे ६ फूट ८ इंचांपेक्षा, जो उंच असेल त्याला तिकीट माफ. सात हजारांवर लोक आले. १९४९ मध्ये दोन्ही लीग एक झाल्या आणि एनबीए हे नाव पडलं.

नाव पडलं, पण खेळ बघवत नव्हता. आघाडी घेतलेला संघ चेंडू नुसता हातात खेळवत बसायचा. १९५० च्या एका सामन्याचा निकाल १९-१८ लागला! कोल्हापुरात असा सामना झाला असता तर पंचांना मागच्या दारानं बाहेर काढावं लागलं असतं. तोडगा काढला तो सिराक्यूजच्या संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी. हे गृहस्थ बोलिंगचा अड्डा चालवायचे. त्यांचा हिशेब किराणा दुकानदाराचा: रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० फेका करतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. भागाकार करा, उत्तर २४. चोवीस सेकंदांत चेंडू रिंगकडं गेलाच पाहिजे. १९५४ मध्ये नियम आला आणि एका मोसमात संघाची सरासरी ७९ वरून ९३ गुणांवर गेली. तीन गुणांची रेषा १९७९ ची. ती बंद पडलेल्या दुसऱ्या एका लीगकडून उचललेली.

आशियातली पहिली व्यावसायिक लीग फिलिपिन्सची, १९७५ ची. मनिलात कंपन्यांच्या संघांची जुनी औद्योगिक स्पर्धा होती. महासंघाशी बिनसल्यावर त्यातले संघ बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची लीग काढली. क्रिस्पा कापडवाले, टोयोटा गाड्यावाले, आणि या दोघांचं वैर तिथं अजून आठवतात. आजही तिथल्या संघांना कंपन्यांची आणि त्यांच्या मालाची नावं असतात. जपानला मात्र दोन लीगच्या भांडणाची किंमत मोजावी लागली. एकीकडं कंपन्यांचे संघ, दुसरीकडं शहरांचे, एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. २०१४ च्या नोव्हेंबरात जागतिक महासंघ फिबानं जपानला निलंबित केलं. फुटबॉलची लीग उभी केलेले साबुरो कावाबुची यांना बोलावण्यात आलं, त्यांनी दोघांना एका मांडवाखाली आणलं आणि सप्टेंबर २०१६ मध्ये बी लीग सुरू झाली. कंपनीचे संघ मोडले नाहीत. त्यांच्या नावांत शहरं आली.

आपल्याकडं नेमकं हेच झालं नाही. २०१० मध्ये महासंघानं आयएमजी-रिलायन्स या क्रीडा व्यवस्थापन कंपनीशी तब्बल तीस वर्षांचा करार केला. त्याच वर्षी काही मुलं शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेली. त्यांतला पंजाबचा सतनामसिंग २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सनं ५२ व्या क्रमांकावर निवडला, एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू पाळीपाळीनं निवडायच्या यादीत, आलेला तो पहिला भारतीय. मोठीच गोष्ट होती. पण देशातली लीग काही त्या करारातून उभी राहिली नाही. २०१५ मध्येच महासंघात दोन गट पडले, दोन्ही गटांनी आपापल्या निवडणुका घेतल्या, शेवटी फिबानं एकाला मान्यता दिली. त्याच वर्षी यूबीए ही खासगी लीग सुरू झाली. आठ संघ, त्यांत पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स. टीव्हीवर दिसली, पण महासंघाची मान्यता नव्हती, आणि २०१७ नंतर ती थांबली. २०१८ मध्ये तिघा-तिघांच्या खेळाची थ्रीबीएल आली. तिला फिबाची मान्यता होती, पण तो अर्ध्या कोर्टचा वेगळाच खेळ. ऑक्टोबर २०२२ मध्ये कोचीत इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीगचा पाच-पाचचा पहिला मोसम सुरू झाला, सहा शहरांच्या नावांचे संघ घेऊन. महासंघाची मान्यता असलेली ही लीग. २०२५ च्या सुरुवातीला दिल्लीत पंचवीस वर्षांखालील खेळाडूंसाठी तिची व्यावसायिक आवृत्ती झाली.

नोकरदार खेळाडू आणि फ्रँचायझी यांचं जमतच नाही, असं कुणी म्हणेल तर कबड्डी बघा. २०१४ च्या पहिल्या प्रो कबड्डी लिलावात सर्वाधिक बोली लागली राकेशकुमारवर, १२ लाख ८० हजारांची, आणि राकेशकुमार होता रेल्वेचा कर्मचारी. कबड्डीचा महासंघ लीगच्या पाठीशी होता, म्हणून रजेचा प्रश्न खेळाडूच्या एकट्याच्या गळ्यात पडला नाही. फुटबॉलमध्येही वाट दिसते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला, पुढं इंडियन सुपर लीगमध्ये पोचला. इथल्या तालमीच्या पोराला पायरीवर पायरी मोजून दाखवता येते.

बास्केटबॉलच्या पोराला काय दाखवायचं? भारताचा तेव्हाचा कर्णधार विशेष भृगुवंशी याला २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ॲडलेड संघाचं बोलावणं आलं, तो मूळचा वाराणसीचा आणि नोकरीला ओएनजीसीत. म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूचाही पगार खात्यातूनच.

परवा त्या कोर्टवर गेलो तर दादा एका उंच पोराला फ्री थ्रो शिकवत होते. गुडघा, कोपर, मनगट, परत गुडघा. पोराचा फोन पिशवीवर पडला होता, त्यावर एनबीएची क्लिप चालू. सराव संपल्यावर दादांनी त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, दहावीची गुणपत्रिका आणि राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून ठेवलंयस का, रेल्वेची खेळाडू भरती निघाली की धावपळ नको. पोरानं मान हलवली आणि जाळी नसलेल्या रिंगवर अजून एक चेंडू टाकला. गेला की नाही, यावर दोघांचं एकमत होईना.