लॅपटॉपची आतली बॅटरी घरी बदलताय? आधी जुन्या बॅटरीचे लेबल वाचा

"अमुक मॉडेल आहे, बॅटरी केवढ्याला?" असे फोन आमच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात रोज येतात. किंमत सांगण्याआधी आम्ही जुन्या बॅटरीच्या लेबलचा फोटो मागतो. काहींना ही टाळाटाळ वाटते, म्हणून हे पत्रक.

एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये कंपन्या वेगवेगळ्या बॅटऱ्या बसवतात. डेलच्या इन्स्पिरॉन मालिकेत ११.४ व्होल्टची ४२ वॉट-अवरची (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचे माप) बॅटरी आहे, तशी १५.२ व्होल्टची ५६ वॉट-अवरचीही आहे. पहिलीत तीन सेल, दुसरीत चार. मॉडेलच्या नावावरून ऑनलाइन मागवलेली बॅटरी घरी येते तेव्हा कुठे स्क्रूची भोके जुळत नाहीत, कुठे वायर दुसऱ्याच बाजूने निघते, कुठे कनेक्टरच्या पिना कमी-जास्त भरतात. मग ती आमच्याकडे येते, "एवढी बसवून द्या" म्हणून. न जुळणारी बॅटरी आम्ही बसवत नाही. वायर कापून जोडून द्या म्हटले तरी नाही. लिथियमच्या बाबतीत असला जुगाड आगीला आमंत्रण आहे. परत पाठवायची तर लिथियम बॅटरी वाहतुकीत धोकादायक मालात मोडते, त्यामुळे तिथेही वेळ जातो आणि तोवर लॅपटॉप उघडा पडून राहतो.

त्यामुळे जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर, व्होल्ट आणि वॉट-अवर या तीन गोष्टी जुळल्याशिवाय पैसे भरू नका. लेबलवर फक्त मिलीअँपिअर-अवरचा मोठा आकडा छापला असेल तर हिशेब करून पाहा: मिलीअँपिअर-अवरला हजाराने भागले की अँपिअर-अवर, आणि व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. तेवढ्याच आकाराच्या खोक्यात मूळ बॅटरीच्या दीडपट क्षमता स्वस्तात कोणी देत असेल, तर तो आकडा खरा धरू नका.

लॅपटॉप न उघडताही थोडे कळते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) powercfg /batteryreport असे टाइप करून एंटर दाबा. तयार होणाऱ्या अहवालात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' शेजारी-शेजारी दिसतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरी खरोखरच थकली आहे. फारसा कमी नसेल, तर दोष चार्जरमध्ये किंवा चार्जिंगच्या पिनेत असू शकतो. उगाच बॅटरी घेऊ नका, आधी तपासून घ्या. अहवालात बॅटरीचे नावही येते. काही लॅपटॉपमध्ये ते पार्ट नंबरच्या जवळ जाते, काहींत नुसते 'प्रायमरी' लिहिलेले असते. तेव्हा लेबल पाहावेच लागते.

आता उघडण्याबद्दल. चार्ज पंचवीस टक्क्यांच्या आसपास उतरू द्या, चार्जर काढा, लॅपटॉप पूर्ण बंद करा. नुसता मिटून चालत नाही. छोटा प्लस स्क्रू-ड्रायव्हर आणि मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ती प्लास्टिकची पट्टी पुरते. काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात, ते न काढता झाकण ओढले की खाचा तुटतात. कागदावर लॅपटॉपचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवा. स्क्रूंची लांबी वेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो वर पामरेस्ट (कीबोर्डपुढचा हात टेकायचा भाग) फुगवतो किंवा मदरबोर्डला लागतो. झाकण निघाल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. काही सरकवून निघतात, काही वर उचलून, काहींना छोटी कडी असते. वायर धरून ओढू नका. सॉकेट बोर्डवरून उखडले तर बॅटरीपेक्षा दुरुस्ती महाग पडते.

टचपॅड वर उचललाय, क्लिक होत नाही, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो? बॅटरी फुगली आहे. चार्जिंग लगेच थांबवा, ती दाबू नका, खरवडून काढू नका, आमच्याकडे आणा. रेटिना मॅकबुक प्रोसारख्या डिंकाने चिकटवलेल्या बॅटऱ्याही घरी काढू नयेत. आणि पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांतल्या मंडळींना सांगणे, लॅपटॉप कंपनीचा असेल तर हे काम तुमच्या आयटी विभागाचे आहे.

नवी बॅटरी एकदा पूर्ण भरा आणि वापरायला लागा. आठ तास चार्जिंगचा जुना नियम लिथियमला लागू नाही.

बॅटऱ्यांचा मोठा साठा आम्ही ठेवत नाही, कारण फळीवर पडूनही त्या थकतात. फोटो आला की त्याच क्रमांकाची मागवतो. स्वतः बसवणार असाल तर नुसती बॅटरी घेऊन जा. इथे बसवून घेतलीत तर आतला पंखाही साफ करून मिळेल, त्याचे वेगळे पैसे नाहीत. बाहेरून आणलेली जुळणारी बॅटरी आम्ही मजुरी घेऊन बसवतो, पण तिची हमी विकणाऱ्याकडेच राहते.

जुनी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती वेगळी द्यावी लागते, आणि कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेऊ शकते. कनेक्टरला चिकटपट्टी लावून आमच्याकडे आणून द्या, किंवा 'स्वच्छ' या पुण्यातल्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ई-कचरा संकलनात द्या. फोटो बिलावर छापलेल्या व्हॉट्सॲप क्रमांकावर पाठवा: एक लेबलचा, अक्षरे वाचता येतील असा, आणि एक कनेक्टरचा.