कॅरिओटाइप नॉर्मल आला म्हणजे वाय क्रोमोझोम अख्खा आहे असं नाही

देवगडचा माझा मावसभाऊ, लग्नाला ६ वर्षं झाली, मूल नाही, आणि या ६ वर्षांत सगळी धावपळ वहिनीची, सोनोग्राफी तिची, गोळ्या तिला, देवळात गाऱ्हाणं घातलं तेही तिच्याच नावाने. शेवटी एकदाची भावाची सीमेन टेस्ट झाली तर शुक्राणू शून्य. मग कॅरिओटाइप केला, म्हणजे क्रोमोझोम (गुणसूत्रं) तपासायची टेस्ट, त्यावर ४६, एक्सवाय, नॉर्मल मेल असं आलं आणि मावशी मोकळी झाली, "माज्या झिलाक कायेक झाला नाय."

घोळ होतो तो इथेच. कॅरिओटाइप वेगळी टेस्ट, वाय मायक्रोडिलीशन, म्हणजे वायचा बारीकसा तुकडा गायब आहे का ते बघायची, वेगळी, रक्ताची ट्यूबसुद्धा वेगळी असते. कॅरिओटाइपला हिरव्या झाकणाची, कारण त्यात पेशी जिवंत लागतात, लॅबवाले त्या साधारण ३ दिवस वाढवतात आणि मग मायक्रोस्कोपखाली क्रोमोझोम मोजतात. एखादा एक्स जास्त असेल, म्हणजे क्लाइनफेल्टर, किंवा मोठा तुकडा इकडचा तिकडे गेला असेल तर यात सापडतं. पण मायक्रोस्कोपला दिसायला निदान ५० लाख ते १ कोटी अक्षरांएवढा डीएनए गायब असावा लागतो, आणि शुक्राणू बनायला लागणारा वायवरचा एझेडएफ-सी हा भाग गेला तर जातात साधारण ३५ लाख. रापणीचं जाळं वाळूवर पसरलं की लांबून अख्खंच दिसतं ना, कुठे फाटलंय ते हाताने चाचपल्यावरच कळतं. ते चाचपायचं काम जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या रक्तावर पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्यांच्या प्रती काढून बघायच्या पद्धतीने होतं.

भावाच्या त्या रिपोर्टमध्ये छोटासा तक्ता होता, वायवरच्या ठरावीक खुणांचा, एसवाय ८४, ८६, १२७, १३४ समोर प्रेझेंट आणि एसवाय २५४, २५५ समोर अ‍ॅबसेंट, म्हणजे एझेडएफ-सी गेलेला. आता एझेडएफच्या ए, बी, सी या भागांतला कोणता गेला हे फार महत्त्वाचं आहे, डॉक्टरांना नीट विचारा. ए किंवा बी पूर्ण गेला असेल तर वृषणातून शुक्राणू शोधायचं ऑपरेशन करू नका असंच सांगतात, कारण मिळण्याची आशा जवळजवळ नसते, उगाच चिरफाड आणि पैसे. फक्त सी गेला असेल तर जवळपास निम्म्या जणांत शुक्राणू मिळतात आणि इक्सी, म्हणजे लॅबमध्ये एकेक शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडणं, करता येतं.

शुक्राणू शून्य किंवा एका मिलिलिटरला ५० लाखांच्या खाली असतील आणि शुक्राणू वाहून नेणाऱ्या नळीत अडथळा नसेल तर दोन्ही टेस्ट मागा. "बापाला चार पोरं झाली मग याच्यात दोष कसा" हेही ऐकलं मी, पण ही तूट बहुतेक वेळा मुलातच नव्याने होते, बापाचा वाय चांगला असतो.

वहिनीला रिपोर्ट मीच वाचून दाखवला. तिने एवढंच विचारलं, आमच्या बाळाला हे होईल का. मुलगा झाला तर हाच वाय, हीच तूट त्याच्याकडे जाणार, मुलगी झाली तर नाही, तिला बापाचा वाय मिळतच नाही.