हृदयाचा ब्रेक मेंदूकडे, आणि कॅप्सूलवाल्यांना त्याचा पत्ताच नाही

हल्ली 'हृदयाला स्वतःचा मेंदू असतो' असे व्हिडिओ जोरात फिरतायत, आणि शेवटी हमखास कुठल्यातरी झाडपाल्याची कॅप्सूल येते, जी म्हणे हृदय आणि मेंदूचं कनेक्शन मजबूत करते. पहिली गोष्ट अगदीच थाप नाही, म्हणून तर ती खपते. हृदयाच्या बाहेरच्या बाजूला, चरबीच्या थरात, न्यूरॉन्सचे छोटे छोटे पुंजके असतात, सगळे मिळून साधारण ४० हजार. डोक्यात आहेत ८६ अब्ज. ते ४० हजार ठोक्यांची स्थानिक व्यवस्था छान बघतात, पण मन, भावना, अंतर्ज्ञान वगैरे त्यांच्या माथी मारणं म्हणजे कमालच आहे.

खरं कनेक्शन यापेक्षा भारी आहे. हृदय स्वतःहून धडधडतं हे शाळेत शिकलेलं असतं, उजव्या वरच्या कप्प्यात एसए नोड नावाचा पेशींचा ठिपका असतो, तोच लय देतो. पण त्याला एकट्याला सोडलं तर तो मिनिटाला १०० च्या आसपास ठोके देतो, आणि निवांत बसलेल्या माणसाची नाडी मात्र असते ६० ते ८०. मधला फरक कुठे गेला? तर मेंदूच्या तळातून निघणारी वेगस नावाची नस सतत ब्रेक दाबून बसलेली असते. हार्ट ट्रान्सप्लांट झालेल्या लोकांमध्ये ही नस कापली गेलेली असते, आणि त्यांची नाडी आरामातसुद्धा ९० ते ११० असते, यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा.

घरबसल्या बघायचं असेल तर मनगटावर बोटं ठेवा आणि सावकाश खोल श्वास घ्या. श्वास आत जाताना नाडी जरा पळते, सोडताना रेंगाळते. तरुणांमध्ये हे चांगलं जाणवतं, वय वाढलं की कमी होत जातं. आजार नाही हा, ब्रेक चालू असल्याची खूण आहे.

हा ब्रेक लागतो कसा ते १९२१ मध्ये ऑटो लोवी या शास्त्रज्ञांनी दाखवलं. बेडकाची दोन हृदयं घेतली, एकाची वेगस नस शाबूत ठेवली, तिला करंट दिला, हृदय मंदावलं. मग त्या हृदयाभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर टाकलं, तर तेही मंदावलं, त्याला कोणी हात न लावता! म्हणजे नस काहीतरी रसायन सोडते. ही आयडिया त्यांना झोपेत सुचली होती, रात्री खरडून ठेवलेली चिठ्ठी सकाळी त्यांना स्वतःलाच वाचता येईना, दुसऱ्या रात्री परत सुचली तेव्हा उठून सरळ लॅब गाठली. ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन, आणि १९३६ चं नोबेल हेन्री डेल यांच्याबरोबर विभागून मिळालं.

आता माझा आवडता भाग, जरा घट्ट बसा. एसए नोडच्या पेशीत प्रत्येक ठोक्यानंतर बाहेरून सोडियम हळूहळू आत झिरपतो, पेशीतलं व्होल्टेज चढत जातं, एका पातळीला पोचलं की पुढचा ठोका. अ‍ॅसिटिलकोलीन येऊन एम२ नावाच्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रोटीनवर, बसतं, त्याला आतून चिकटलेलं जी प्रोटीन फुटून दोन तुकडे होतात, त्यातला बीटा-गॅमा तुकडा थेट शेजारच्या पोटॅशियम चॅनेलला, म्हणजे पोटॅशियमच्या दाराला, जाऊन उघडतो, पोटॅशियम बाहेर पळतो, व्होल्टेज खाली जातं आणि पेशीला वर चढायला जास्त वेळ लागतो. मध्ये कोणी दलाल नाही, म्हणून परिणाम पुढच्याच ठोक्यावर दिसतो, आणि रसायन लगेच तोडणारं एन्झाइम तिथेच हजर असतं म्हणून ब्रेक सुटतोही पटकन. अ‍ॅड्रेनालिनचं काम वेगळं, ते सीएएमपी (पेशीच्या आत निरोप नेणारा रेणू) वगैरेची साखळी हलवत येतं, त्याला काही सेकंद लागतात, आणि दचकून झाल्यावरही छाती बराच वेळ धडधडत राहते ती त्यामुळेच.

आणि वेगसमधले साधारण ८० टक्के तंतू उलट दिशेने, शरीराकडून मेंदूकडे बातम्या नेतात, हे तर कोणी सांगतच नाही.

आता वनस्पती. या कनेक्शनला खरोखर हात घालणाऱ्या वनस्पती आहेत, पण त्या कॅप्सूलवर हसऱ्या फोटोसकट येत नाहीत. धोतरा आणि बेलाडोना यांच्यातलं अ‍ॅट्रोपीन त्याच एम२ रिसेप्टरची जागा अडवून बसतं, ब्रेक सुटतो, नाडी उधळते, जास्त झालं तर भ्रम होतो, माणूस मरूही शकतो. हृदय फार मंदावलं की डॉक्टर मोजून मापून हेच इंजेक्शन देतात. फॉक्सग्लोव्ह या विषारी फुलझाडाचा हृदयावरचा परिणाम विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांनी १७८५ मध्ये नीट मांडला, त्याच जातकुळीतल्या झाडाचं डिगॉक्सिन आजही वापरतात, ते हृदयाचा जोर वाढवतं आणि वेगसचा ब्रेकही घट्ट करतं. पण औषध आणि विष यांच्यातली फट इतकी अरुंद की रक्तातलं प्रमाण तपासावं लागतं.

अश्वगंधाचं म्हणाल तर ताण आणि कॉर्टिसॉल थोडं कमी झाल्याचं छोट्या छोट्या चाचण्यांत दिसलंय, पण यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. अर्जुनाच्या सालीवर अभ्यास झालेत, मोठे आणि पक्के म्हणावेत असे नाहीत.

'नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. ज्येष्ठमध घ्या. रोज भरपूर खाल्लं तर त्यातलं ग्लिसिरायझिन किडनीतलं एक एन्झाइम बंद पाडतं, अंगात मीठपाणी साठतं, बीपी चढतं, पोटॅशियम लघवीवाटे जातो, आणि पोटॅशियम कमी असलेल्या हृदयाला डिगॉक्सिन नेहमीच्या डोसमध्येसुद्धा बाधू शकतं. सेंट जॉन्स वर्ट ही मूड सुधारण्यासाठी घेतात ती वनस्पती, तिचं उलटं, ती आतड्यातले औषध परत बाहेर ढकलणारे पंप वाढवते, म्हणजे गोळी तीच, वेळ तीच, पण रक्तात डिगॉक्सिन कमी. आणि डॉक्टरांनी त्यावर डोस वाढवला असेल आणि पेशंटने कॅप्सूल गुपचूप बंद केली, तर काही दिवसांत तेच प्रमाण भलतंच वर.